डॅशबोर्ड नवा केल्यावर मस्टँगचे काटे चुकू लागतात तेव्हा

१९६६ ते १९६८ या वर्षांतल्या फोर्ड मस्टँगचा डॅशबोर्ड खाली उतरवून, पत्रा खरवडून रंगवला, नवे पॅड आणि नवी चौकट बसवली आणि सगळे जसेच्या तसे परत जोडले, की पहिल्याच फेरीत एक ठरलेली तक्रार पुढे येते. गाडी उत्तम चालते, डॅशबोर्ड कारखान्यातून आल्यासारखा दिसतो, पण इंधन, तापमान आणि तेलाचा दाब दाखवणारे काटे भलतेच काही दाखवतात. मग मालक एकेक करून नवे सेंडर (टाकीत आणि इंजिनावर बसून पातळी, तापमान किंवा दाब मोजून काट्याला कळवणारे भाग), नवा रेग्युलेटर आणि शेवटी नवे मीटर विकत घेतो, आणि तरीही दोष तसाच राहतो. ही तक्रार माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत सुटा भाग बिघडलेला नव्हता. जुन्या, गंजट, उघड्या पत्र्यातून जी अर्थिंगची, म्हणजे प्रवाहाला बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत जाण्याची, वाट आपोआप मिळत होती, ती नव्या रंगाच्या थराने बंद केली होती. म्हणून पुढचा सगळा क्रम अर्थिंगपासून सुरू होतो आणि भाग विकत घेण्याची वेळ शक्य तितकी मागे ढकलतो.

काटेकोरपणे बोलणारे मस्टँगला मसल कार न म्हणता पोनी कार म्हणतात, आणि साध्या सहा सिलिंडरच्या गाडीपुरते त्यांचे म्हणणे बरोबरही आहे; मात्र १९६७ ची ३९० घन इंचांच्या इंजिनाची किंवा एप्रिल १९६८ मध्ये आलेली ४२८ कोब्रा जेट गाडी ज्याने चालवली आहे तो या वादात वेळ घालवणार नाही. डॅशच्या मागची विद्युत जोडणी मात्र या सगळ्यांत एकाच तत्त्वावर चालते. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास जी मराठी मंडळी राहतात त्यांच्यासाठी एक जाता जाता सांगतो : चासी क्रमांकातले दुसरे अक्षर ‘टी’ असेल, तर ती गाडी तुमच्याच गावात, फोर्डच्या मेटचन कारखान्यात जोडली गेली आहे. ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्न आणि ‘आर’ म्हणजे सॅन होजे.

लक्षणे

दोष शोधताना कोणता काटा चुकतो यापेक्षा किती काटे एकत्र चुकतात हे आधी पाहावे, कारण निम्मे निदान तिथेच होते.

चावी फिरवल्यावर थोड्याच वेळात तिन्ही काटे चढत जाऊन पार टोकाला टेकले आणि तिथेच राहिले, तर चावी ताबडतोब बंद करावी. हे या यादीतले एकमेव लक्षण आहे, ज्यात ‘जरा अजून पाहू’ म्हणणे महागात पडते.

तिन्ही काटे जागचे हललेच नाहीत, तर त्यांना वीजच पोहोचत नाही. तिन्ही हलतात, पण हेडलाइट लावले की एकदम सरकतात किंवा वळणाचा दिवा लुकलुकतो तसे त्याच्या तालावर थरथरतात, तर अर्थिंग तुटलेले नाही पण अशक्त आहे, आणि दिव्यांचा प्रवाह परतीची वाट शोधत मीटरच्या जोडणीतून घुसतो आहे.

एकच काटा टोकाला टेकला आणि बाकीचे दोन ठीक असले, तर त्या एका सेंडरची तार वाटेत कुठेतरी बॉडीच्या पत्र्याला लागलेली असते. एकच काटा तळाशी पडून राहिला, तर ती तार तुटलेली असते किंवा त्या सेंडरला स्वतःचे अर्थिंग मिळत नसते.

रात्री डॅशचे दिवे मंद दिसणे हे वेगळे दुखणे वाटते, पण नव्या रंगाच्या डॅशमध्ये ते बहुधा याच घरातले असते. स्पीडोमीटर मात्र या हिशेबात धरू नये. तो केबलने फिरतो, विजेवर नाही. त्याचा काटा उड्या मारत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठे दुमडली आहे, एवढेच. तसेच ॲमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह दाखवणारा काटा, वेगळ्या पद्धतीने चालतो, म्हणून तो ठीक दिसला यावरून बाकीचे ठीक आहेत असे ठरत नाही.

हे काटे चालतात कसे

प्रत्येक मीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. म्हणूनच हे काटे चावी फिरवताच उडी मारत नाहीत, सावकाश चढतात आणि चावी बंद केल्यावर सावकाशच उतरतात. मीटरच्या एका टोकाला वीज येते आणि दुसऱ्या टोकाची तार सेंडरकडे जाते. सेंडरचा रोध कमी झाला की काटा वर जातो. फोर्डच्या या काळातल्या इंधनाच्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम असतो.

या मीटरांना बॅटरीचे १२ व्होल्ट थेट दिले जात नाहीत. क्लस्टरच्या, म्हणजे सगळे मीटर एकत्र बसवलेल्या खोक्याच्या, पाठीवर एका स्क्रूने आवळलेली काडेपेटीपेक्षाही लहान अशी पत्र्याची डबी असते. तो मीटरचा व्होल्टेज रेग्युलेटर. (इंजिनाच्या खोलीतला अल्टरनेटरचा रेग्युलेटर वेगळा, सुटे भाग मागवताना दोहोंची गल्लत सर्रास होते.) या डबीतही तशीच जोडपट्टी असते. ती तापली की संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो, आणि या उघडझापीतून मीटरांना सरासरी ५ व्होल्टच मिळतात.

पट्टी तापवणाऱ्या वेटोळ्याचे दुसरे टोक डबीच्या कवचाला जोडलेले असते, म्हणजे कवचाला अर्थिंग मिळाले तरच ते तापते. अर्थिंग तुटले तर पट्टी तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि मीटरांना पूर्ण १२ व्होल्ट सतत मिळत राहतात. तिन्ही काटे टोकाला टेकतात ते यामुळे, आणि तसेच चालू ठेवले तर मीटरमधले वेटोळे जळते. कवचापासून अर्थिंगची वाट डबीच्या स्क्रूतून क्लस्टरच्या पाठीवर आणि तिथून क्लस्टर डॅशला आवळणाऱ्या स्क्रूंमधून पत्र्यात जाते. आता या वाटेवर पावडर कोटिंग, प्रायमर आणि तीन हात रंग चढवला तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

तपासणी : स्वस्तापासून महागाकडे

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी उभी ठेवून, इंजिन बंद ठेवून, चावी ‘ऑन’वर न्यावी आणि इंधनाच्या काट्याकडे मिनिटभर पाहावे, मग हेडलाइट, वायपर आणि वळणाचा दिवा एकेक करून लावावा आणि काटा सरकतो का ते टिपून ठेवावे. इंजिन न सुरू करता चावी फार वेळ ‘ऑन’वर ठेवू नये, कारण मूळ पॉइंट-इग्निशन असलेल्या गाडीत पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) मिटलेले राहिले तर कॉइल तापते. तेलाच्या काट्याचा विचार इंजिन चालू असतानाच करायचा असतो. त्याबाबत एक नियम मोडू नये : इंजिन चालू असताना तेलाचा दाब शून्य दिसला तर ‘मीटरच खोटे बोलते’ असे गृहीत धरून गाडी चालवू नये. इंजिन बंद करावे, तेलाची पातळी पाहावी आणि सेंडरच्या जागी यांत्रिक दाबमापक लावून खरा दाब मोजून घ्यावा. हा मापक आपल्याकडे नसेल तर मेकॅनिककडे हमखास असतो.

दुसरी तपासणी तात्पुरत्या अर्थिंगची, आणि यातच बहुतेक गाड्या सुटतात. बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे. हाताला येईल अशी काळी तार घेऊन तिच्या दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावाव्यात. एक क्लिप खालून हात घालून क्लस्टरच्या पाठीवरच्या रेग्युलेटरच्या स्क्रूला किंवा त्याच्या कवचाला पकडवावी आणि दुसरी ब्रेकच्या पेडलच्या ब्रॅकेटवर रंग नसलेल्या धातूला. हाताने चाचपडताना बॅटरी काढलेली असणे का गरजेचे, तर क्लस्टरच्या मागे उघडे खिळे, म्हणजे तारा जोडण्याची धातूची टोके, असतात आणि तिथे क्लिप चुकून घसरली तर डॅशच्या पत्र्यातूनच ठिणगी उडते. मग बॅटरी जोडून चावी फिरवावी. काटे वठणीवर आले तर दोष सापडला. काही विकत घेण्याची गरज नाही, फक्त ही वाट कायमची करायची आहे. अर्थिंग देऊनही तिन्ही काटे टोकाकडेच धावले, तर रेग्युलेटरचे संपर्क चिकटले आहेत. चावी बंद करावी आणि तो बदलेपर्यंत परत फिरवू नये.

अर्थिंग अर्धवट आहे का हे मोजायचे असेल तर मल्टीमीटर ओहमवर न ठेवता व्होल्टवर ठेवावा. चावी आणि दिवे चालू असताना एक टोक रेग्युलेटरच्या कवचाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावावे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाटेत अडथळा आहे. ओहममध्ये मोजले तर प्रवाह वाहत नसताना एखादा बारीक धागाही चांगली जोडणी असल्यासारखा दिसतो, आणि माणूस फसतो.

दिवे मंद असतील तर याच वेळी हेडलाइटच्या स्विचची मूठ दोन्ही टोकांपर्यंत दहा-वीस वेळा फिरवावी. डॅशच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी तार त्या स्विचमध्येच असते आणि तिच्यावर साका साचतो. अनेकदा एवढ्या घासण्यानेच उजेड परत येतो. नाही आला तर फ्यूज आणि त्याचे दोन्ही चिमटे पाहावेत.

तिसरी तपासणी सेंडरची, आणि ती एकच काटा चुकत असेल तरच करावी. यासाठी १० ओहमचा आणि ७३ ओहमच्या जवळचा असे दोन रोधक लागतात. ५ वॅटचे घ्यावेत, म्हणजे तापून जळत नाहीत. सेंडरची तार सोडवून ती रोधकातून बॉडीला जोडावी आणि मिनिटभर थांबावे. १० ओहमला काटा पूर्ण वर आणि ७३ ला तळाशी गेला, तर मीटर, रेग्युलेटर आणि तार तिन्ही निर्दोष आहेत आणि चूक सेंडरकडे आहे. अनेक जण तार सरळ बॉडीला टेकवून पाहतात. त्याने काटा हलतो हे खरे, पण मीटरवर सेंडर कधीच देणार नाही इतका ताण पडतो. दोन स्वस्त रोधक जवळ असताना तसे करण्याचे कारण नाही.

सेंडर दोषी ठरल्यावरही तो लगेच बदलू नये. मस्टँगची टाकी डिकीच्या तळाशी वरून बसवलेली असते, इतकी की तिचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. नवी टाकी, तिच्याखाली नवी रबरी पट्टी किंवा सीलंट आणि रंगवलेला काठ असे सगळे जमले, की टाकीचा आणि बॉडीचा धातूने संबंधच उरत नाही. टाकीच्या कडेपासून बॉडीपर्यंत तात्पुरती तार लावून काटा वर येतो का ते आधी पाहावे. तापमानाच्या आणि तेलाच्या सेंडरचे अर्थिंग त्यांच्या आट्यांतून होते, आणि त्यांवर हौसेने गुंडाळलेली टेफ्लॉन टेप तेच तोडते.

काटा टोकाला टेकलेला असेल आणि तार सेंडरपासून सोडवल्यावरही उतरला नाही, तर तार मध्येच दबली आहे. इंधनाची तार चालकाच्या बाजूच्या दाराच्या उंबऱ्याखालून मागे जाते. आतली सजावट नवी करताना गालिचा बदलला जातो, उंबऱ्यावरची ॲल्युमिनिअमची पट्टी नवी येते आणि तिचा एखादा स्क्रू मूळच्यापेक्षा थोडा लांब असतो. पट्टी उचलून पाहिले की तारांच्या जुडग्यावर त्या स्क्रूच्या टोकाने पाडलेले भोक आणि त्याभोवती हिरवट झालेले तांबे दिसते. डॅशमध्ये हात घालण्याआधी हे चार-पाच स्क्रू काढून पाहणे शहाणपणाचे आहे.

क्लस्टर बाहेर काढणे

वरच्या तपासण्यांनी सुटले नाही, किंवा तात्पुरत्या अर्थिंगने सुटले आणि आता ते कायमचे करायचे आहे, तरच क्लस्टर काढावा. बॅटरी काढावी, स्टिअरिंगच्या खांबावर जाड कापड गुंडाळावे आणि स्पीडोमीटरची केबल आधी सोडवावी. ती न सोडवता क्लस्टर ओढला की मागचा भाग तडकतो. पॅड सैल करावे लागले तर थंड गॅरेजमध्ये करू नये. जुने पॅड म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर फोम आणि त्यावर व्हिनाइल. थंडीत ते व्हिनाइल कडक होते आणि उचलताना नेमके स्पीकरच्या जाळीपाशी किंवा काठाला चिरते. मिशिगनच्या जानेवारीत मी हे काम गॅरेज तासभर तापवल्याशिवाय सुरू करत नाही.

क्लस्टर टेबलावर पालथा ठेवला की काम सोपे आहे. रेग्युलेटर ज्या जागी टेकतो ती जागा, त्याच्या स्क्रूचे भोक आणि क्लस्टर डॅशला आवळणाऱ्या प्रत्येक स्क्रूभोवतीची नाण्याएवढी जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावी. ही जागा चौकटीखाली झाकली जाते, म्हणून रंगाचे नुकसान दिसत नाही. स्क्रूखाली दातेरी वॉशर घालावा, कारण त्याचे दात रंगाचा उरलेला थर कापून धातूपर्यंत पोहोचतात. एवढ्यावरही मी विसंबत नाही. रेग्युलेटरच्या स्क्रूखाली लग (धातूची कडी) लावलेली स्वतंत्र काळी तार घालून ती डॅशच्या मागच्या मूळ धातूला, रंगाशी संबंध नसलेल्या जागी, आवळतो. मूळ गाडीत ही तार नव्हती म्हणून प्रदर्शनात गुण कापले जातील अशी भीती काहींना वाटते. ती बाहेरून दिसत नाही, आणि जळलेले मूळ मीटर त्याहून जास्त गुण घालवते.

१९६७-६८ च्या क्लस्टरच्या पाठीवर प्रिंटेड सर्किट असते, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकवर चिकटवलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या. त्या पेन्सिलच्या खोडरबराने साफ कराव्यात. सँडपेपर लावू नये. तांबे इतके पातळ असते की चारदा घासले तरी निघून जाते. दिव्यांच्या होल्डरचे पितळी कान जरा वर उचलावेत आणि जोडणीच्या मोठ्या प्लगमधली प्रत्येक पिन सैल झाली आहे का ते पाहावे. आतला भाग पिवळा पडला असेल तर पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावा. दिव्यांचा उजेड जास्त शक्तीच्या बल्बने वाढवण्यापेक्षा हे बरे, कारण तसे बल्ब प्लॅस्टिक वितळवतात.

क्लस्टर हाताशी आहे तोवर मीटरही तपासून घ्यावेत. मल्टीमीटरने मीटरच्या दोन खिळ्यांमध्ये साधारण १० ते १४ ओहम दिसायला हवेत. रोध अनंत दिसला तर वेटोळे जळाले आहे. नंतर मोबाइलच्या जुन्या चार्जरची केबल कापून तिच्या ५ व्होल्टवर, १० ओहमच्या रोधकासह, मीटर चालवून पाहावे. काटा सावकाश वरच्या खुणेपाशी जाऊन स्थिरावला, तर मीटरला दोष नाही. १२ व्होल्टची बॅटरी थेट लावून ‘हलतो का’ हे पाहणे म्हणजे चांगले मीटर आपल्या हाताने मारणे.

रेग्युलेटरची परीक्षा गाडीतच होते, आणि तीही साध्या टेस्ट लॅम्पने. चावी चालू, अर्थिंग पक्के, आणि लॅम्प रेग्युलेटरच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर : दिवा लुकलुकला तर मूळचा रेग्युलेटर जिवंत आहे. सतत पेटून राहिला तर संपर्क चिकटले आहेत. पेटलाच नाही तर आत येणाऱ्या टोकावर १२ व्होल्ट आहेत का ते पाहावे, कारण तिथेच वीज नसेल तर रेग्युलेटर निर्दोष आहे आणि शोध प्लगकडे व इग्निशन स्विचकडे वळतो. डिजिटल मल्टीमीटर इथे निरुपयोगी ठरतो. त्यावरचे आकडे नुसते नाचतात.

बदलायचाच असेल तर आता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात, त्यांत संपर्क चिकटण्याची भानगड नसते आणि व्होल्टेजही स्थिर असते. मात्र अर्थिंग त्यांनाही तितकेच लागते. अर्थिंग तुटले तर तेही १२ व्होल्टच्या जवळपासचे व्होल्टेज पुढे सोडतात, म्हणून ‘नवा इलेक्ट्रॉनिक बसवला तरी काटे टोकालाच’ ही तक्रार ऐकली की मी आधी स्क्रूखालचा रंग पाहतो.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

टाकी उघडायची वेळ आली तर थांबावे. सेंडरचा तरंगता गोळा फुटून त्यात पेट्रोल शिरले असेल तर काटा नेहमी रिकामेच दाखवतो, आणि सेंडर बदलण्याला पर्याय नसतो. पण बंद गॅरेजमध्ये वॉटर हीटरच्या ज्योतीशेजारी हे काम करू नये. टाकी बाहेर मोकळ्यावर रिकामी करून काम करणाऱ्या दुकानात गाडी द्यावी.

फ्यूज बदलल्याबरोबर पुन्हा जळतो, तारेचे आवरण मऊ झाले आहे किंवा वितळल्याचा वास येतो, असे काही आढळले तर बॅटरी काढून ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मोठा फ्यूज घालून पाहणे हा उपाय नव्हे. तसे केले तर फ्यूजऐवजी तारांचे जुडगे जळते.

ही माहिती वाचून कोणी त्याच काळातल्या डॉज चार्जर किंवा प्लिमथच्या डॅशमध्ये हात घालणार असेल, तर त्याने जास्तच सावध राहावे. मीटरांचे तत्त्व तिथेही ५ व्होल्टचेच आहे, पण रेग्युलेटर काही क्लस्टरमध्ये इंधनाच्या मीटरच्या आतच असतो, आणि त्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशमधल्या ॲमीटरमधून फिरून जातो. ॲमीटरचे खिळे काळवंडलेले, भोवतीचे प्लॅस्टिक वितळलेले किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) जोडणीतल्या पिना करपलेल्या दिसल्या, तर पुढे काही सोडवू नये. ते काम या गाड्या नेहमी हाताळणाऱ्या माणसाचे आहे.

शेवटचा मुद्दा मीटरच्या आतल्या जुळणीचा. मीटरच्या पाठीला काटा वर-खाली करण्यासाठी जुळणीच्या खाचा असतात आणि त्यांत पेचकस घालण्याचा मोह होतो. सेंडर नवा असेल आणि टाकी काठोकाठ भरल्यावर काटा भरल्याच्या खुणेपेक्षा थोडा खाली राहत असेल, तर तो तसाच राहू द्यावा. बाजारातल्या नव्या सेंडरचा रोध मूळच्याशी तंतोतंत जुळत नाही आणि एवढा फरक चालतो. फरक पाव टाकीहून जास्त असेल आणि अर्थिंग, रेग्युलेटर, सेंडर तिन्ही तपासून झाले असतील, तर मीटर काढून ते दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवावे. त्याच्यासोबत आपला सेंडरही पाठवावा, म्हणजे तो दोघांना एकमेकांशी जुळवूनच परत देईल.